समासातली लाल पेन्सिल

डिचोलीच्या मामलेदार कचेरीच्या ओसरीवर बसून मी आजवर किती अर्ज लिहिले, याची गणती मी ठेवलेली नाही. ती कचेरीच्या फडताळांनी ठेवली असेल. कुळांचे, रेशनचे, खाणीच्या मातीने लाल झालेल्या विहिरींचे, बदलीचे आणि बदली रद्द करण्याचे, असे सर्व प्रकारचे अर्ज माझ्या टंकयंत्रातून गेले आहेत. माझे शिक्षण अर्ध्यावर सुटले हे खरे. परंतु माझा मसुदा वाचून पदवीधर कारकूनही खुर्चीत सावरून बसतो, हे कचेरीत कोणालाही विचारावे. एवढ्या अर्जांत एकच असा आहे, जो मला परत मागून घ्यावासा वाटला. तो ज्या गृहस्थांविरुद्ध लिहिला, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे.

त्यांचे नाव मी येथे देत नाही, आणि दिले तरी डिचोलीत ते फारसे कोणी ओळखणार नाही. बाजारात त्यांना ‘रगतकार’ म्हणत. रगत म्हणजे आमच्याकडे रक्त. मूळचे पेडण्याकडचे. मुंबईच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे काढून ते आमच्या गावात आले आणि बसस्टँडमागच्या गल्लीत, जिथे पूर्वी एका पोदेराचे पाव भाजले जात, त्या जागेत त्यांनी रक्त-लघवी तपासण्याची लॅब मांडली. पोदेराची भट्टी त्यांनी पाडली नाही. तिच्या पोटात फळ्या ठोकून काचेच्या नळ्या ठेवल्या. लॅबच्या नावाचा फलक त्यांनी कधी लावला नाही. दाराला सुतळीने टांगलेली एक दगडी पाटी होती आणि तिच्यावर खडूने लिहिलेले असे: ‘गळ्याच्या नळ्या : चौदा झाल्या. सहा हव्यात.’

नवख्या माणसाला ही पाटी पाहून भीती वाटे. तिचा अर्थ असा, की गळ्याच्या पुढच्या अंगाला थायरॉइड नावाची ग्रंथी असते आणि ती सुस्तावली की माणूसही सुस्तावतो. केस गळतात, थंडी वाजते, पाय जड होतात. तिची रक्ततपासणी त्या काळी आमच्या तालुक्यात होत नसे. रक्त मुंबईला जाई. तिथे तपासणीच्या औषधाची पेटी एकदा उघडली, की ती वीस नळ्यांसाठी उघडे. चार नळ्या लावल्या तर बाकीचे औषध फुकट, आणि त्याचा भार त्या चौघांवर. वीस लावल्या तर खाणीवर टोपली उचलणारीलाही तपासणी परवडे. म्हणून हे गृहस्थ वीस माणसे जमेपर्यंत थांबत, आणि वीस जमली की सगळ्यांची रक्ते एकदम पाठवत.

"दोन उंड्यांखातीर पोदेर भट्टी पेटयता?" हे त्यांचे पेटंट वाक्य; उंडा म्हणजे आमचा गोल पाव. ते हे वाक्य भट्टीवर थाप मारूनच म्हणत.

पण वीस माणसे आपण होऊन येत नसत. तेव्हा हे त्यांना शोधायला बाहेर पडत. मासळीबाजारात, बसमध्ये, देवळाच्या मंडपात ते लोकांचे चेहरे पाहत नसत, गळे पाहत. कोणाचा गळा मनात भरला, की सरळ पुढे जाऊन म्हणत, "आवंडो गिळ पळोवया." यावरून त्यांनी शिव्या खाल्ल्या, एकदा साखळीच्या बाजारात एका सुपारीवाल्याचा मारही खाल्ला. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतो. एका लग्नात नवरी बोहल्यावर उभी राहायची होती. हे आहेराच्या रांगेतून निघून थेट तिच्यापाशी गेले, पाण्याचा पेला तिच्या हाती दिला आणि म्हणाले, "घोट घे गो बाय. हळू." मुलगी घाबरून प्यायली. हे वाकून तिच्या गळ्याकडे पाहत राहिले. मुलीचा बाप धावून आला.

"लाज नाय तुका? नवरी ती!"

"नवरीक गळो नसता?" हे म्हणाले. "बेस्तारा दिवसा धाडून दी. जावयाकय घेवन ये. ताचो गळो बरो आसा, पण ताणे आयकूंक जाय."

बेस्तार म्हणजे गुरुवार. गुरुवारी ते नळ्या भरत. मुलगी तिसऱ्या गुरुवारी आली. आज तिला दोन मुलगे आहेत आणि तिचा बाप दर चतुर्थीला यांच्याकडे नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा पाठवीत असे.

शुक्रवारी सकाळी वेगळे केलेले रक्तातले पाणी फ्लास्कमध्ये भरून ते स्वतः पणजीला नेत. तेथून ते पुढे मुंबईला जाई. फ्लास्कला बर्फ मासळीबाजारातला. त्यामुळे त्या फ्लास्कला कायम बांगड्यांचा वास येई आणि बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे. तरीही ते फ्लास्कसाठी वेगळे तिकीट काढत, कारण मांडीवर घेतल्यास तो अंगाच्या उबेने तापतो, असे त्यांचे म्हणणे. एकदा कंडक्टरने विचारले,

"बाबा, ही सीट कोणाची?"

"हरमलची तीन जणां, मयेची पाच, साखळीची उरलेली."

"खंय आसत ती?"

"बसल्यांत न्हय? तू बोवाळ करू नको, हालतली ती."

सगळी बस हसली. हे हसले नाहीत. त्यांनी फ्लास्कभोवती आपला टॉवेल नीट गुंडाळला.

ते दिवस राजभाषेच्या वादाचे होते. मराठी की कोंकणी, यावरून एका ताटात जेवणारे भाऊ बोलेनासे झाले होते. मी स्वतः मराठीच्या बाजूने अनेक निवेदने लिहिली आणि त्यांतील भाषेची वाखाणणी झाली. कोंकणीच्या बाजूचे दोघे-तिघे माझ्याशी बोलत नसत, परंतु आपले जमिनीचे अर्ज मराठीतून माझ्याकडूनच लिहून घेत. मी एकदा रगतकारांना विचारले, की आपण कोणत्या बाजूचे? त्यांनी मला आत नेऊन फ्लास्कचे झाकण उघडले. "ही तुज्या अध्यक्षाची नळी. ही त्यांच्या अध्यक्षाची. एकाच बर्फात आसत. भांडणाचो आवाज येता?" मला हे उत्तर त्या वेळी उडवाउडवीचे वाटले होते.

आता त्यांचा हट्ट सांगतो, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. ते दोन्ही मनगटांवर घड्याळे बांधत. चावीच्या एका घड्याळावर विश्वास कसा ठेवणार, म्हणून दुसरे. काही तपासण्यांचे रक्त ते सकाळी आठलाच घेत. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते. ती पहाटे जागी होते आणि सकाळी आठच्या सुमारास तिचा रस रक्तात भरपूर असतो. दुपारनंतर तो ओसरतो. तेव्हा तो रस मुळात आहे की नाही, हे सकाळीच कळते. त्या रसाला कॉर्टिसॉल म्हणतात. हे सर्व मी त्यांच्याकडून शिकलो. परंतु शिकलो ते फार उशिरा.

आमचे घर मयेला, तळ्याच्या वरच्या अंगाला. कुटुंब आगरवाड्याकडचे, म्हणजे मिठागराच्या गावचे. त्या वर्षी तिला काही तरी होऊ लागले. सकाळी उठली की डोळ्यांपुढे अंधारी येई. पाण्याची कळशी अर्ध्या वाटेत ठेवावी लागे. अन्न नकोसे झाले. अंग सावळे होते, ते काळवंडले. आणि ती येता-जाता मिठाच्या भरणीत बोट घालून मीठ चाटी. आम्हांला यात काही विशेष वाटले नाही. माझी आई म्हणे, "मिठागराची चेडूं ती, मीठ खातलीच!" काळवंडण्याला खाणीची धूळ होती, ऊन होते. देवाला कौल लावला, तो उजवा मिळाला. आमच्याकडे जो ज्या गावचा, त्याला त्या गावची खोड असे म्हणून माणूस मोकळा होतो, तसे आम्ही मोकळे झालो.

साखळीचे डॉक्टर मात्र म्हणाले, की थायरॉइड तपासून घ्या. त्याप्रमाणे एका गुरुवारी मी तिला रगतकारांकडे नेले. त्यांनी दंडाला रबरी पट्टा बांधण्यासाठी तिचा हात उलटा केला आणि तळहाताकडे पाहत राहिले. हाताच्या रेषा शाईने आखल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या. त्यांनी तिला ओठ वर करून हिरड्या दाखवायला सांगितले.

"मीठ खातंस गो?"

"खातंय बाबा. बरां लागता."

"चक्कर?"

"उठल्यार येता. बसल्यार जाता."

त्यांनी नळी भरली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्जीबाब, फाल्यां सकाळी आठाक हिका परत हाड. आनीक एक नळी जाय." मी विचारले, "डॉक्टरांनी एकच तपासणी लिहिली आहे. दुसरी कोणाच्या आदेशाने?" ते म्हणाले, "रॅकात एक जागा रिकामी आसा. तुका पयसो पडूंचो नाय. हाड." हे शेवटचे मी ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले. एका नळीच्या दोन नळ्या करणारे दुकानदार मी पाहिलेले होते.

तरीही दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघालो. खनिजाचे ट्रक वाटेत अडकलेले, बस रांगेत उभी. पोचलो तेव्हा नऊला थोडा वेळ होता. फ्लास्क भरून ठेवलेला, हे पणजीला निघण्याच्या तयारीत. त्यांनी दोन्ही मनगटे वर करून मला दाखवली.

"आठाचां रगत नवाक मिळना."

बाकावर सात-आठ माणसे बसलेली होती. त्यांच्यासमोर मी विचारले, "हा नियम कोणत्या परिपत्रकात आहे?"

"ह्या बायेच्या आंगात आसा तां परिपत्रक," ते म्हणाले. "तुका वाचूंक येवंचां नाय."

बाक हसला. माझे कुटुंब भिंतीला टेकून उभे होते. तीही थोडी हसली. मी तिला घेऊन परतलो. (पुढे मोठ्या इस्पितळातील डॉक्टरांनी मला सांगितले, की नऊ वाजताचे रक्तही चालले असते. हे मी त्यांच्याविषयी आदर राखून, परंतु सत्यासाठी नमूद करतो. त्यांचा हट्टही त्या दिवशी चुकला होता.)

थायरॉइडचा अहवाल मुंबईहून आला, तेव्हा तो त्यांनी मला दिला नाही. म्हणाले, साखळीचे डॉक्टर परगावी गेले आहेत. ते आले की मी स्वतः जाऊन बोलेन. तोपर्यंत हा कागद हातात घेऊन तू कोणाकडून तरी गोळी आणशील, आणि आठाच्या रक्ताआधी ती गोळी हिला सोसणार नाही. मला फक्त एवढेच ऐकू आले, की माझ्या कुटुंबाच्या नावाचा कागद एक परका माणूस अडवून ठेवीत आहे. ज्याच्या नावाचा कागद, त्याचा त्यावर हक्क, हे मी शेकडो लोकांना सांगितलेले. मी ओसरीवर आलो आणि टंकयंत्राला कागद लावला. विषय : सदर प्रयोगशाळाचालक अहवाल अडवून ठेवून रुग्णांस अनावश्यक दुसऱ्या तपासणीस भाग पाडतात, त्याबाबत चौकशी होणेबाबत. एकूण सहा परिच्छेद. आजही सांगतो, मसुदा निर्दोष होता.

अर्ज लागू पडला. आरोग्य कार्यालयातून त्यांना बोलावणे गेले. ते आले, साहेबासमोर अर्ज पुरता वाचला आणि मला म्हणाले, "बरो लिवतंस." मग खिशातून अहवाल काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच्या समासात लाल पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. "डॉक्टराक ह्योच कागद दाखय. ह्योच." त्यांनी तो माझ्या हातात दिला.

आता माझी चूक लिहितो. आमच्या व्यवसायात अस्सल कागद घराबाहेर पाठवीत नाहीत. कचेरीत अस्सल गहाळ होतो. मग माणूस जन्मभर दुय्यम प्रतीसाठी फिरतो. म्हणून अस्सल पेटीत ठेवायचा आणि खरी नक्कल सादर करायची. मी त्या संध्याकाळी अहवालाची खरी नक्कल केली. एकेक आकडा दोनदा ताडून पाहिला. समासातील पेन्सिलीचा मजकूर मी घेतला नाही, कारण तो दस्तऐवजाचा भाग नव्हता. कागदावर कोणी काही गिरगटले, तर ते नकलेत घेत नाहीत. मनात रागही होता, की माझ्या अस्सल कागदाला यांनी विद्रूप केले. तो मजकूर मी धड वाचलादेखील नाही. अस्सल पेटीत गेला. नक्कल घेऊन आम्ही साखळीला गेलो. डॉक्टर परगावाहून आलेले होते, बाहेर गर्दी होती. त्यांनी नक्कल पाहिली, आकडे पाहिले आणि थायरॉइडची गोळी लिहून दिली. त्या कागदावरून कोणत्याही डॉक्टरने तेच केले असते.

त्या आठवड्यात लॅबच्या पाटीवर लिहिलेले होते : ‘एकोणीस झाल्या. एक हवी. मये.’ गुरुवार उलटला तरी तेच. कचेरीत येणारे लोक मला हसून सांगत, "अर्जीबाब, तुमच्या गावची एक नळी उणी आसा." मला वाटे, की हे माझी चारचौघांत बेअब्रू करीत आहेत. मी त्या गल्लीतून जाणेच सोडले.

गोळी सुरू झाल्यावर कुटुंबाला पहिले दोन दिवस हुशारी वाटली. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. नंतर तिला उभे राहता येईना. सहाव्या दिवशी सकाळी ती माझ्याशी बोलताना शब्द शोधू लागली. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "तुमी कोण?" मी तिचा हात धरून बसलो. अर्ज कोणाला लिहावा, हे मला सुचेना.

तेवढ्यात अंगणात सायकल पडल्याचा आवाज झाला. रगतकार डिचोलीहून मयेच्या चढणीवर सायकल मारीत आले होते. खांद्याला तोच फ्लास्क. "तू आठाक येना, म्हणून मीच आठाक आयलंय," असे म्हणत ते आत आले आणि तिला पाहून थांबले.

"कसली गोळी घेता?"

मी सांगितले.

"लाल वाचून दिली डॉक्टरान?"

मी म्हटले, "लाल कसले? मी खरी नक्कल सादर केली." आणि माझ्या कामाची कोणी तपासणी करावी, तशी मी कार्बनप्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली.

"आकडो न् आकडो बरोबर आसा," ते म्हणाले. "बायल तेवडी सुटली."

यापेक्षा अधिक कठोर शब्द ते मला कधी बोलले नाहीत. मी पेटीतून अस्सल काढला. समासात लिहिलेले होते : ‘गोळीआधी आठाचे कॉर्टिसॉल बघणे. तळहात काळे. मीठ खाते.’

त्यांनी दोन्ही घड्याळे पाहिली, तिची शीर शोधली आणि नळी भरली. मग म्हणाले, "आता वाट बघूची नाय." शेजारी सावंतवाडीकडचा एक गृहस्थ खाणीवर ट्रक चालवीत असे. त्याचा ट्रक दारातच उभा होता. कुटुंबाला केबिनमध्ये आडवे घातले. डोके माझ्या मांडीवर, पाय रगतकारांच्या. निघालो पणजीच्या मोठ्या इस्पितळाकडे. वाटेत ते तिच्या जिभेवर मिठाच्या पाण्याचे थेंब सोडीत होते.

पणजीच्या वाटेवर एका वळणावर झाड आडवे पाडलेले होते. दहा-बारा पोरगे दंडुके घेऊन उभे. कोणत्या बाजूचे, ते मी लिहीत नाही; त्या दिवसांत झाडे दोन्ही बाजूंनी पडली. त्यांतला पुढारी ट्रकच्या पायरीवर चढला.

"खंय चल्ल्यात? बंद आसा. तुमी कोणत्या भाशेचे?"

मी तोंड उघडणार होतो. रगतकारांनी माझ्यापुढे हात केला आणि फ्लास्कचे झाकण त्याच्या नाकाखाली उघडले.

"वास येता?"

"बांगड्यांचो."

"तुज्या आवयचां रगत गेल्या म्हयन्यात ह्याच फ्लास्कातसून गेला. गळ्याची गोळी घेता न्हय ती? आता ऊठता, बसता, रांदता?"

त्याने केबिनमध्ये वाकून पाहिले. मग खाली उतरून त्याने बाकीच्यांना हाक मारली, "ए, धरा रे झाड. रगतकार आसा." सगळ्यांनी मिळून झाड रस्त्याच्या कडेला ओढले. आमच्या मागून ते त्यांनी पुन्हा आडवे टाकले, हे मी आरशात पाहिले.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होते. रगतकारांनी त्यांना हात जोडले, तिचा तळहात उघडून दाखवला, मीठ सांगितले, गोळी सांगितली. डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही कोण?"

"नळयो भरपी. तुमकां शिकोवपाची माजी पायरी नाय. पण साहेब, ह्या नळीत आठाचां रगत आसा. इंजेक्शनाआधीचां. तां मागीर मिळूंचां नाय, म्हणून हाडलां."

डॉक्टर नळी घेऊन पळत आत गेले. सलाईन लावले, त्या ग्रंथीच्या रसाचे इंजेक्शन दिले. दुपारपर्यंत तिची नाडी हाताला लागू लागली. संध्याकाळी तिने डोळे उघडले, मला ओळखले आणि पेज मागितली, तोरांच्या, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांच्या, लोणच्यासकट. मी बाहेर जाऊन रडलो. रगतकार तिथे नव्हते. फ्लास्कात बर्फ भरून घ्यायला ते मासळीबाजारात गेले होते.

पुढे नळीचा निकाल आला. त्या रसाचा अंशही तिच्या रक्तात नव्हता. डॉक्टरांनी मला समजावले, की दोन्ही ग्रंथी सुस्त असल्या, तर आधी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गोळी द्यायची आणि मगच गळ्याची. उलटे केले तर उरलासुरला रसही जळून जातो. अगदी हेच त्या समासात दोन ओळींत होते.

ती घरी आल्यावर मी अर्ज मागे घेण्यासाठी लॅबमध्ये गेलो. मागे घेण्याचा अर्जही लिहून नेला होता. तो चांगला उतरला होता. त्यांनी तो वाचला नाही.

"फाटी घेवू नको. एकदा आरोग्य कचेरीक माजो पत्तो कळलो, तो बरो झालो. आता दुसरो लिही. तालुक्याच्या इस्पितळात दर बेस्तारा गळ्याच्यो आनी आठाच्यो नळयो सरकारान घेवच्यो, वीस जमवन मुंबय धाडच्यो. खर्च कमी पडता, तां तू बरां सांग. तुका येता."

तो अर्ज मी लिहिला. गोवा संघप्रदेश होता तेव्हा एकदा, राज्य झाले तेव्हा मथळा बदलून पुन्हा, आणि त्यानंतर प्रत्येक नव्या आरोग्याधिकाऱ्याला. आज तालुक्याच्या इस्पितळात गुरुवारी नळ्या गोळा करतात. हे माझ्यामुळे झाले, असे मी म्हणत नाही. पोचपावत्या मात्र माझ्याकडे आहेत.

त्या प्रसंगाचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही. कुटुंब करते. मी घरात कोणाला कायदा सांगू लागलो, की ती म्हणते, "व्हय व्हय, खरी नक्कल!" मिठाची भरणी अजून तिच्या हाताशी असते. ती मिठागराची म्हणून नव्हे, हे आता आम्हां सर्वांना ठाऊक आहे.

राज्य झाल्यावर लॅबचालकांकडून शिक्षणाचे दाखले मागवण्यात आले. त्यासाठी एका रविवारी सकाळी रगतकार आमच्या घरी आले. बरेच म्हातारे दिसत होते. घड्याळे मात्र दोन्ही होती. मुंबईच्या इस्पितळाचा त्यांचा जुना दाखला घेऊन आले होते आणि त्याची खरी नक्कल हवी होती. तो कागद इतक्या वर्षांत मी प्रथमच पाहत होतो. त्यावर त्यांचे पुरे नाव होते, आणि डाव्या समासात एक मोठा पिवळट डाग. बहुधा तोही कधी फ्लास्कजवळ राहिला असावा.

मी नक्कल टंकली, ताडून पाहिली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली. शेवटच्या ओळीवर ते थांबले. मी लिहिले होते : ‘डाव्या समासात बर्फाच्या पाण्याचा डाग आहे. मजकूर नाही.’ हल्ली मी प्रत्येक नकलेत समास नोंदवतो. तो कोरा असला तर कोरा आहे असे लिहितो. कचेरीतील कारकून हसतात आणि विचारतात, की हे कोणत्या परिपत्रकात आहे.

"वास लिवंक नाय," रगतकार म्हणाले.

"कसला?"

"बांगड्यांचो."

आणि ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिले, ते तेव्हाच. मग एकदम त्यांनी उजवे मनगट पाहिले, मग डावे, आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून हाक मारली, "गो बाय! आठ झाले."

"गोळी घेतली हो बाबा," आतून कुटुंबाचा आवाज आला. "तुमी पेज घेतल्याबगर वचूं नका."

त्यांनी नक्कल माझ्यापुढे सरकवली.

"कर सही," ते म्हणाले. "आता खरी आसा."